पाडणारा माणूस

निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत 'जनतेचा कौल' हे शब्द हटकून येतात. ते इतके गुळगुळीत झाले आहेत, की त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण कोकणातल्या देवळात कौल लावताना ज्यांनी पाहिला असेल त्यांनी क्षणभर थांबावे. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सारे हात जोडून वाट पाहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रश्न माणसांनी ठरवायचा, शब्द माणसांनी योजायचे, वेळ माणसांनी निवडायची. देवाने फक्त एक पाकळी पाडायची. 'अरे, तुझा प्रश्नच चुकला आहे,' असे म्हणण्याची सोय देवाला नाही. पाकळी कोणत्या कारणाने पडली हेही तो सांगत नाही. ते सांगायला गुरव असतो.

याच शब्दाचा दुसरा एक अर्थ जुन्या दफ्तरांत आहे. ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवायचे, पडीक जमीन लागवडीस आणायची, तर सरकार रयतेला कौल देत असे. अमुक वर्षे सारा कमी घेऊ, उपद्रव होऊ देणार नाही, निर्धास्त येऊन राहावे, असे ते अभयवचन. तेथे कौल देणारा राजा आणि घेणारी रयत. आज तोच शब्द उलट्या दिशेने चालतो. रयत कौल देते आणि पुढारी तो 'नम्रपणे' स्वीकारतात. परंतु जुना कौल कागदावर असे आणि त्यात काय कबूल केले आहे ते दोन्ही पक्षांना ठाऊक असे. आजच्या कौलात काय लिहिले आहे याविषयी मात्र निकालाच्या दिवशी दुपारी बारापासूनच वाद सुरू होतो.

हे शब्दपुराण लावण्याचे कारण असे, की आमच्या राजकीय कथा-कादंबऱ्यांनीही मतदाराला या पाषाणाच्याच जागी बसवले आहे, अशी माझी तक्रार आहे. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या मास्तराने समीक्षेच्या भानगडीत पडावे की नाही, हा प्रश्न विद्वानांनी जरूर विचारावा. पण मी स्वतः कादंबऱ्या लिहितो आणि शाळामास्तर असल्यामुळे दर निवडणुकीत मतदान केंद्रावर बसतो. या दोन खुर्च्यांवर बसून जे दिसते ते एका खुर्चीवरून दिसत नसावे.

आमच्या वाङ्मयाला पुढारी फार चांगला ठाऊक आहे. आचार्य अत्र्यांनी १९३९ साली निवडणुकीच्या धामधुमीवर नाटक लिहिले, त्याचे नावच 'मी उभा आहे'. या नावात सारे आले. उभा आहे तो 'मी', म्हणजे उमेदवार. रंगमंचाच्या मध्यभागी तो, प्रकाश त्याच्यावर, हशा त्याच्यावर. पुढे १९५७ साली अत्रे स्वतः उभे राहिले आणि निवडून आले, ही त्यातली आणखी एक गंमत. मराठी भाषेत निवडणुकीला माणूस 'उभा' राहतो आणि हरला की 'पडतो'. पण तो आपोआप पडत नाही. कोणीतरी त्याला 'पाडतो'. 'औंदा पाडला त्याला' हे वाक्य खेड्यात ज्या चवीने उच्चारले जाते ती चव 'औंदा निवडून दिला' या वाक्याला कधीच येत नाही. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना शिकवतो, की क्रियापद सकर्मक असले की कर्ता शोधावा. या 'पाडणे'चा कर्ता आमच्या साहित्यात मला सापडत नाही.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' घ्या. साखर कारखान्याच्या पट्ट्यातली सत्ता इतक्या नेमकेपणाने मराठीत त्यापूर्वी क्वचितच आली असेल. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा नुसता खलपुरुष नाही. त्याने माळावर हिरवळ उभी केली आहे आणि तिचा त्याला रास्त अभिमान आहे. त्याला अस्वस्थ करणारा प्रश्न एकच, नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचा. पण तो विचारतो कोण? बाहेरगावाहून आलेला, दारूत बुडालेला, देशासाठी एकेकाळी काही केलेला एक भटका मास्तर. गावातली जी हजारो माणसे त्या कारखान्याचे सभासद आणि त्या मतदारसंघाचे मतदार असणार, ती पडद्याच्या कडेने येतात आणि जातात. मास्तराच्या पेशाला मिळालेल्या या मानाने मी खूश व्हायला हवे. तरीही मला वाटत राहते, की प्रश्न विचारण्याचे काम एका पाहुण्याकडे सोपवून लेखकाने गावाला फार स्वस्तात सोडून दिले.

अरुण साधूंच्या 'सिंहासन'मध्येही तेच. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारपुढारी डिकास्टा या साऱ्यांच्या हालचालींचे साक्षीदार आहेत पत्रकार दिगू टिपणीस. साधूंनी मुंबईचे राजकारण आतून पाहिले होते, आणि खुर्चीचा निकाल मतपेटीत न लागता बंगल्यांत, दूरध्वनीवर आणि दिल्लीच्या वाटेवर लागतो, हे त्यांनी १९७७ साली ज्या थंडपणाने सांगितले त्याला तोड नाही. वर्षभरात, १९७८ च्या जुलैमध्ये, वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ कोसळून शरद पवारांचे पुलोद सरकार आले, तेव्हा अनेकांना ही कादंबरी आठवली असेल. साधूंच्या कादंबरीत मतदार नाही याचा दोष मी साधूंना देत नाही. त्यांना जे दाखवायचे होते त्यात त्याची अनुपस्थिती हाच मुद्दा आहे. माझे म्हणणे त्यांच्यामागून आलेल्या आमच्यासारख्यांशी आहे. साधूंनी विषय म्हणून घेतलेली अनुपस्थिती आम्ही सवय म्हणून उचलली. वार्ताहर, संपादक, निवृत्त न्यायाधीश, ध्येयवादी कलेक्टर अशी कोणीतरी मंडळी आमच्या कादंबरीत पुढाऱ्याला जाब विचारतात. ज्याला जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क दर पाच वर्षांनी मिळतो तो मात्र सभेला ट्रकमधून येतो आणि टाळ्या वाजवून जातो.

असे का व्हावे? मतदार दुबळा असतो म्हणून, असे उत्तर देण्याचा मोह होईल. पण ते इतिहासाला धरून नाही. १९५७ ची गोष्ट पाहा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईसह द्वैभाषिक राज्य लादले गेले आणि चारपाच महिन्यांत निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. काँग्रेसचे राज्य टिकले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. नेहरू की महाराष्ट्र असा प्रश्न आला तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असे जाहीरपणे बोललेले यशवंतराव चव्हाण कराडातून थोड्या मतांनी कसेबसे आले.

पण त्या निवडणुकीतली कादंबरीकाराची जागा कराड नव्हे, पुणे आहे. तेथे काकासाहेब गाडगीळ पडले. हे काकासाहेब संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक नव्हते. त्यांनी लोकसभेत महाराष्ट्राची बाजू ज्या तडफेने मांडली ती तेव्हाच्या फार थोड्या काँग्रेसवाल्यांनी मांडली. चिंतामणराव देशमुखांनी या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. काकासाहेब पक्षात राहून झगडले. मतदाराने त्यांना पाडले आणि समितीच्या ना. ग. गोऱ्यांना निवडले. म्हणजे पुण्याच्या मतदाराने त्या दिवशी एका माणसाच्या भाषणांचा हिशेब केला नाही, त्याच्या तिकिटाचा केला. हा न्याय झाला की अन्याय? मला तर यात दोन्ही दिसतात. कालपर्यंत ज्याच्या सभेला गर्दी केली, ज्याच्या वाक्याला टाळी दिली, त्याच्याच विरुद्ध हात उचलताना सदाशिव पेठेतल्या एखाद्या कारकुनाच्या किंवा कसब्यातल्या एखाद्या तांबटाच्या मनात काय चालले असेल? गाडगीळ आणि गोरे हे दोघेही मराठीतले लेखक. एकाने 'पथिक' लिहिले, दुसऱ्याने 'कारागृहाच्या भिंती'. पडलेले काकासाहेब पुढे १९६२ साली साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. इतके वाङ्मय त्या लढतीच्या दोन्ही बाजूंना असून त्या कारकुनाचे किंवा त्या तांबटाचे मन कोणी लिहिले नाही.

आणि ज्यांना त्या वर्षी सर्वांत कडक जाब विचारला गेला त्या यशवंतरावांनी तरी? त्यांचे 'कृष्णाकाठ' मी वर्गात वाचून दाखवतो. आईविषयीची, विट्याकऱ्हाडच्या दिवसांविषयीची त्यांची पाने मराठी गद्याची शोभा आहेत. पण ते पुस्तक १९४६ पाशी थांबते. मुंबईच्या पर्वाचे 'सागरतळी' आणि दिल्लीचे 'यमुनाकाठ' असे पुढचे भाग त्यांच्या मनात होते. 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. 'सागरतळी'त १९५७ चे प्रकरण आले असते. आपल्याच माणसांनी आपल्याला असे काठावर आणून ठेवले, त्या रात्री मोजणीचे आकडे येताना काय वाटले, हे त्यांच्याइतक्या चांगल्या लेखणीने लिहिलेले आपल्याला मिळाले असते. पाचच वर्षांनी, महाराष्ट्र राज्य होऊन गेल्यावर, १९६२ साली त्याच पक्षाला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. शिक्षा देणारा आणि पाठ थोपटणारा हात एकच होता, हे ज्याच्या पाठीला कळले त्याची साक्ष आपल्याकडे नाही.

मतदाराला लगेच देव्हाऱ्यात बसवणारेही काही लोक असतात. त्यांनी १९५२ आठवावे. ज्यांनी घटनेचा मसुदा सिद्ध केला त्या डॉ. आंबेडकरांना उत्तर मुंबईच्या मतदारांनी पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पाडले. नारायण काजरोळकर निवडून आले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेब पडले. तेथे कोणत्या कृत्याचा कोणता हिशेब चुकता झाला? पाडण्याची ताकद आणि पाडण्यातले शहाणपण या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि कादंबरी या दोहोंमधल्या फटीतच राहू शकते.

आता माझ्या दुसऱ्या खुर्चीकडे वळतो. मतदान केंद्रावर माणूस येतो. आम्ही यादीत त्याचे नाव शोधतो, मोठ्याने वाचतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो. यंत्राचा लांब सूर येतो. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तो बाहेर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नसते. बहुधा चपला कोठे काढल्या होत्या एवढेच तो शोधत असतो. पाच वर्षांच्या रागलोभाचा निकाल एवढ्याशा वेळात आणि तोही कोणाला न दिसता लागतो. नाटककाराने यात काय करावे? त्या आडोशामागे केंद्राधिकारी या नात्याने मला डोकावता येत नाही. गुप्तता पाळण्यास मी कायद्याने बांधलेला आहे. परंतु कादंबरीकाराला तेथे जाण्यास कोणता कायदा आड येतो? अंतःपुरात, मुदपाकखान्यात, मरणाऱ्याच्या मनात आम्ही बेधडक शिरतो. पुठ्ठ्याच्या चौकोनात शिरताना आमचे पाय अडखळतात, कारण तेथे एकटा माणूस नसतो असे मला वाटते. त्याच्याबरोबर त्याचा ऊस असतो, मुलाची नोकरी असते, सोसायटीचे कर्ज असते.

साखरपट्ट्यात ज्यांचे घर नाही त्यांच्यासाठी हे जरा फोड करून सांगतो. ऊस तयार झाला की वेळेवर तुटला पाहिजे. उशीर झाला की त्याला तुरा येतो, पोकळी धरते, वजन घटते आणि शेत पुढच्या पिकाला मोकळे होत नाही. तोडणीची टोळी केव्हा पाठवायची हे कारखान्याच्या शेतकी खात्याने नोंदीच्या तारखेप्रमाणे ठरवायचे असते. कागदावर सारे चोख आहे. पण पाटात दगड पडावा तसा त्या क्रमात कोठेही अडथळा येऊ शकतो. 'टोळी पळाली', 'ट्रॅक्टर बंद आहे', 'मुकादम गावाला गेलाय' यांतले एकही कारण खोटे ठरवता येत नाही. चेअरमन कोणाला काही बोलत नाही. चिटबॉय नुसता मोटारसायकल हळू करून म्हणतो, "बघू पुढच्या आठवड्यात, आबा." आणि हा चेअरमन बहुधा स्वतः आमदार असतो, नाहीतर आमदाराचा भाऊ, मेहुणा, व्याही.

म्हणजे हिशेब विचारणारा आणि देणारा यांच्यातले नाते शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखे एका दिशेचे नाही. मतदार पाच वर्षांनी एकदा हिशेब मागतो. पुढारी रोज मागू शकतो. आणि मतदानाच्या रीतीतच एक छिद्र असे आहे, की त्यातून हा उलटा हिशेब अधिक सोपा झाला आहे. मतपत्रिकांच्या काळात जेथे भीतीदहशत असेल तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राची मोजणी वेगळी झाली. मोजणीच्या टेबलाशी बसलेला प्रतिनिधी वहीत लिहून घेतो : अमक्या वाडीची मते आपल्याला इतकी, त्यांना इतकी. मत माणसाचे गुप्त राहते, वाडीचे उघडे पडते. अनेक यंत्रांची बेरीज एकदम काढणारे टोटलायझर नावाचे साधन निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले. पुढे विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. ते आजतागायत केंद्रांवर आलेले नाही. पक्षांना केंद्रवार आकडे हवे असतात. काम कोठे कमी पडले ते कळावे म्हणून, असे ते सांगतात.

एक गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांकडून ती मला कळली; गाव आणि माणसे यांची नावे अर्थातच सांगणार नाही. तीनशेच्या आसपास मतांची वाडी, स्वतःचे केंद्र असलेली. एका निवडणुकीत साऱ्या वाडीने ठरवून तिथल्या पुढाऱ्याच्या विरुद्ध मते दिली. रस्त्याचे वचन तीनदा मोडले होते. पुढारी तरीही निवडून आला. त्या वर्षी वाडीतला ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला. कोणी कोणाला एक शब्द बोलले नाही. पुढच्या निवडणुकीच्या आधी वाडीतली जाणती माणसे मारुतीच्या देवळात बसली. राग तर गेला नव्हता. पण या वेळी त्यांनी जे ठरवले ते ऐकून मी थक्क झालो. निम्म्या घरांनी इकडे मत द्यायचे, निम्म्यांनी तिकडे. कोणत्या घराने कोठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. मोजणीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, आणि प्रतिनिधीच्या वहीतून वाडी पुसली गेली. मुलाचे वडील मला म्हणाले, "मास्तर, त्या साली आम्ही मत वाया घालवलं आन ऊस वाचवला." त्यांच्या घराला पुढाऱ्याच्या बाजूची चिठ्ठी आली होती. आईने मात्र ती मानली नाही. तिने कोणाला मत दिले ते तिने सांगितले नाही, पण यंत्राचा सूर येऊन गेल्यावरही ती आडोशामागे जरा जास्त वेळ थांबली होती, एवढे त्यांना आठवत होते.

आमच्या राजकीय कादंबरीतली सारी कारस्थाने मला या चिठ्ठ्यांपुढे फिकी वाटतात. येथे सत्ता आहे, भीती आहे, धूर्तपणा आहे, एकजूट आहे, आणि त्या एकजुटीतून निसटणारी एक म्हातारी आहे. हिंदूरावाइतकी ती उंच नाही म्हणून तिला कोणी पाहत नाही.

वर्तमानपत्री भाष्यकार या म्हातारीला वेगळ्या रीतीने गिळून टाकतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे भोसले पडले. काही महिन्यांपूर्वी राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर निवडून येऊन, राजीनामा देऊन, भाजपकडून ते पुन्हा उभे होते. श्रीनिवास पाटील सुमारे ८७ हजार मतांनी विजयी झाले. पक्ष बदलणाऱ्याला धडा मिळाला, असे सर्वांनी लिहिले. कोणी पावसात भिजत झालेल्या शरद पवारांच्या सभेला श्रेय दिले. २०२४ साली त्याच साताऱ्याने उदयनराजांना भाजपच्याच चिन्हावर निवडून दिले. मग धड्याचे काय झाले? त्याच वर्षी लोकसभेला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा दोन पक्ष फोडल्याचा राग मतपेटीतून बाहेर पडला असे वाचले. साडेपाच महिन्यांनी विधानसभेला २८८ पैकी २३० जागा महायुतीला मिळाल्या, तेव्हा दरमहा १५०० रुपयांच्या लाडक्या बहिणीचा तो आशीर्वाद ठरला. दोन्ही वाक्यांत तथ्य असेलही. पण दोन्ही वेळा गुरवच बोलला. मतदाराने एक बटण दाबले. त्या एका बटणात पक्षफोड, कांद्याचा भाव, आरक्षण, भावकीतले भांडण, बहिणीच्या खात्यातले पैसे यांचे प्रमाण काय होते, हे मोजण्याचे यंत्र आयोगाकडे नाही. ते काढण्याचे एक जुने साधन कादंबरी आहे, असे मी आपला समजत होतो.

बटणावर 'यांपैकी कोणीही नाही' असे लिहिण्याची सोय २०१३ पासून झाली. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये या 'कोणीही नाही'ला सुमारे २७ हजार ५०० मते मिळाली आणि दुसरा क्रमांक लागला. मला या उपविजेत्याचे मोठे कुतूहल आहे. त्याला चेहरा नाही, जात नाही, भाषण नाही. मराठी विनोदी लेखकांनी त्याच्याकडे अजून कसे पाहिले नाही कोण जाणे.

आपल्या थोर पुस्तकांनी हा विषय स्पर्शलाच नाही असे मात्र नाही. वेगळ्या वाटेने ती त्याच्या जवळ गेली आहेत. शंकर पाटलांच्या 'टारफुला'त पाटील मरतो आणि गावात सत्तेची जागा रिकामी होते. ती भरायला गावाला मत देता येत नाही, तेव्हा गाव काय करते, हे त्यात आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त शेवटी दुष्काळ येतो आणि माणसे जगायला बाहेर पडतात. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'त धरणाखाली गाव जाते आणि आश्वासनांच्या मागे माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. या दोन्ही पुस्तकांच्या शेवटी मला यादी आठवते. गाव उठले की मतदारयादीचे ते पानही उठते. दहा ठिकाणी विखुरलेली तीनशे मते कोणाला पाडू शकत नाहीत. वचन मोडणाऱ्याला यासारखा दुसरा सुरक्षित गुन्हा नाही. ज्यांना वचन दिले त्यांचा मतदारसंघच पाण्याखाली गेलेला असतो. 'झाडाझडती' या बाजूने पुन्हा वाचून पाहावी असे मी सुचवतो. पुनर्वसनाचा प्रश्न इतकी वर्षे का कुजतो, याचे एक कारण तेथे न लिहिता लिहिलेले आहे.

कौल लावण्यात प्रश्न माणसांचा आणि उत्तर पाषाणाचे असते, असे मी सुरुवातीस म्हटले. महाराष्ट्रात एक मतदान मात्र असे आहे, की ज्यात प्रश्न पाषाणानेच विचारायचा असतो. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे असे बायांना वाटले तर मतदार स्त्रियांपैकी निदान २५ टक्के जणींनी सह्यांनिशी अर्ज करायचा. मग सरकारी अधिकारी येऊन सह्या पडताळतात, तारीख लावतात, आणि गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. झालेल्या मतांची बहुसंख्या येथे चालत नाही. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. अशी मतदाने राज्यात पुष्कळ गावांत झाली आहेत. काही ठिकाणी बाटली आडवी झाली, काही ठिकाणी थोडक्यात उभी राहिली.

त्या सह्या गोळा करायला संध्याकाळी घरोघर हिंडणाऱ्या चारपाच बायकांबरोबर एखादा कादंबरीकार निघाला तर त्याला काय काय दिसेल, याचा मी विचार करतो. दुकान ज्याच्या नावावर असते तो बहुधा कोणाचा तरी माणूस असतो. सह्यांचा कागद पदराआड असतो. पहिल्या दारात नवरा बसलेला असतो. दुसऱ्या दारात सासू म्हणते, "उद्या या." तिसऱ्या घरातली अंगठा उठवते आणि लगेच चुलीतल्या राखेने बोट घासून शाई काढायला लागते.